पाय हलतोय

बापाचे कपडे भिजवायची बादली तिनं वेगळी केली, त्याला तीन वर्षं झाली होती. निळी बादली बापाची, लाल तिची आणि आईची. निळीतलं पाणी आधी गुलाबी व्हायचं, मग तपकिरी, आणि उन्हाळ्यात तासाभरात त्याला वास सुटायचा. ती नाकाला ओढणी बांधून काठीनं कपडे ढवळायची आणि तीन वेळा पाणी बदलायची. तीन म्हणजे तीनच.

"अगं, नळाला धार नाही आणि तू काय बापाचं पाप धुवायला बसलीस?" आई म्हणायची.

ती तिसरं पाणी ओतायची.

बाप कोंबड्या कापायचा. तीस वर्षं एकच काम. गाव त्याला सुरीवाला म्हणायचं. त्याच्या नखांच्या कडांत रक्त वाळून काळं झालेलं असायचं, कोपरापर्यंत बारीक पिसं चिकटलेली, गालात तंबाखूची गोळी. जुम्म्याची नमाज तो चुकवायचा नाही, बाकीच्या जमेल तशा. अल्लाची भीती त्यालाही होती, पण ती तो चारचौघांत दाखवत फिरला नाही.

मुलगी एकुलती, बावीस वर्षांची. शाळेत शेजारच्या बाकावरची पोरगी तिच्याकडे बघून नाक दाबायची, आणि ते ती अजून विसरली नव्हती. घरी अभ्यास करून पदवी घेतली, पण नोकरीचं जिथं विचारायला गेली तिथं आधी बापाचा धंदा विचारला गेला. मग ती बाजींच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात जायला लागली. बाजी बाहेरून शिकून आलेल्या, स्वच्छ, हळू आवाजात बोलणाऱ्या. वर्गात पंचवीस-तीस मुली. तिथं पुस्तकं होती, वाद होते, प्रश्न विचारता येत होते. सहा महिन्यांत तिच्या हातात माईक आला. पन्नास बायकांपुढं ती पाऊण तास बोलली आणि कोणी हूं का चूं केलं नाही. तिथं ती कोंबडीवाल्याची पोरगी नव्हती.

नकाब तिनं स्वतःच्या मनानं घेतला. आईनं उलट भांडण केलं, "आमच्यात कोणी घातला होता कधी?" म्हणून. मग ती अम्माला अरबीतलं 'उम्मी' म्हणायला लागली. आई चार दिवस गोंधळली. ही उमी कोण, पोरगी कोणाला हाक मारते. बाप हसून हसून खोकला. "आपल्या घरात काझीण जन्माला आली," तो म्हणाला, आणि तेव्हापासून तो तिला काझीणच म्हणायचा. तिला ते आवडायचं नाही. काझीण म्हटल्यावर त्याच्या दातांवरची तंबाखू दिसायची.

भाईजान म्हणजे बाजींचे नवरे. गावाबाहेर माळावर त्यांनी चार लांबलचक शेड टाकल्या होत्या, मागं कापणी, पुढं पॅकिंग, शीतगृह. पाकिटावर हिरव्या अक्षरांत 'शुद्ध' लिहिलेलं असायचं आणि ती पाकिटं लांबलांबच्या शहरांत जायची. माणूस वाईट नव्हता, असंच सगळे म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. दारूच्या गुत्त्यावर पडणारी दहा-बारा पोरं त्यांनी उचलून आणली, त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, हातात काम दिलं. त्या पोरांच्या आया भाईजानांचं नाव घेताना पदर डोक्यावर घ्यायच्या. सुरीवाल्यालाही त्यांनीच दोन वर्षांपूर्वी कापणीवर घेतलं, ते मुलीच्या शब्दावरून. आणि मुलीला पॅकिंगला. पाकिटावर तारखेची चिठ्ठी चिकटवायची, वर्गाचं पान फोनवर चालवायचं. थंडगार खोली, पांढरे हातमोजे. बाप मागच्या दारानं यायचा, ती पुढच्या.

उन्हाळा चढायला लागला त्या आठवड्यात भाईजानांनी ठरवलं, कापणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा घ्यायची.

"पाकिटावर आपण एक शब्द लिहितो," ते म्हणाले. "त्या शब्दाची जबाबदारी आहे. सुरी धरणाऱ्याचा उच्चार शुद्ध पाहिजे, नमाज पाची वेळची पाहिजे."

परीक्षा पॅकिंगच्या खोलीतच झाली. मधे पडदा लावला होता. पडद्याच्या अलीकडं ती कागद घेऊन बसली होती, नावं लिहायला. पलीकडं आठ माणसं ओळीत. सात जण पंचविशीच्या आतले, आठवा तिचा बाप.

पोरं भराभर सुटली. मग बापाचा आवाज आला. कापताना म्हणायची बिस्मिल्ला तो तीस वर्षं म्हणत आला तसंच म्हणाला. एका दमात, निम्मी अक्षरं गिळून, सुरी फिरवण्याच्या वेगानं.

"चाचा, सावकाश," परीक्षा घेणारा म्हणाला. तो कालपरवापर्यंत गुत्त्यावर पडायचा. "हे अक्षर गळ्यातून काढायचं. असं, हं."

बापानं गळ्यातून काढलं. त्याला खोकला आला. तंबाखू घशात गेली असणार. तो खोकतच राहिला, भिंतीला हात टेकून. पोरं हसली. कोणी तरी म्हणालं, "चाचा, कोंबडी तोवर म्हातारी होऊन मरेल."

बापही हसला. ते हसणं तिला पडद्यातून ऐकू आलं. पोरांना बरं वाटावं म्हणून हसल्यासारखं.

"लिहा," आवाज आला. तिनं बापाच्या नावापुढं 'नापास' लिहिलं. अक्षर सुबक होतं तिचं. लिहिताना तिला लाज वाटली, पण ती बापाची वाटली.

दुसऱ्या दिवसापासून सुरीवाल्याकडून सुरी गेली. मुकादमानं त्याला एक ढकलगाडी दिली. शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या गोळा करायच्या आणि माळाच्या टोकाला खड्डा आहे तिथं टाकून वरून चुना मारायचा. कापणीवर भाईजानांनी भिंतीला कर्णा लावला. त्यातून दिवसभर शुद्ध उच्चारातली बिस्मिल्ला वाजायची, आणि खाली पोरं सुरी चालवायची.

"तोंड दुखायचं वाचलं की पोरांचं," बाप घरी म्हणाला.

मंगळवारी दुपारी डीपी जळाली.

माळावरची सगळी वीज गेली. जनरेटर एकच होता आणि तो शीतगृहाला जोडला. शेडमधले पंखे थांबले, फवारे थांबले. पत्र्याखाली हवा नुसती उभी राहिली. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकायला लागल्या. बसल्या जागी एका अंगावर कलंडायच्या, की बाकीच्या त्यांच्यावर चढून उभ्या राहायच्या. माणसं गोणपाटं भिजवून खिडक्यांना लावत होती. टँकरचं पाणी आंघोळीला काढल्यासारखं गरम. बुधवारी सकाळी पहिल्या शेडमध्ये मेलेल्यांचा थर दिसला. वीजवाले म्हणाले, सामान यायला आठवडा लागेल.

सुरीवाला एका मुठीत चार आणि दुसऱ्या मुठीत चार पाय धरून गाडीत टाकत होता. खाली विष्ठेचा लगदा, त्यात पाय घोट्यापर्यंत. उन्हात निघून खड्ड्यापर्यंत जायचं, रिकामी करायची, चुना मारायचा, परत यायचं. चुना घामात भिजून त्याचे हात फाटले. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या. संध्याकाळी आई त्यांत तेल चोळायची आणि तो दात आवळून बसायचा. मुलगी दुसऱ्या खोलीत खिडकी उघडून बसायची. वासानं तिला अन्न जात नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून तो दुपारीच घरी आला. ती जेवायला आलेली होती. आईनं ताट वाढलं. त्यानं भातात बोटं घातली आणि तशीच ठेवली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"खड्डा भरायचा थांबलाय."

"म्हणजे?"

"काल दुपारपासून माझी गाडी खड्ड्यावर गेलेली नाही. मुकादम म्हणतो, मागच्या दाराला सावलीत लाव. मी लावतो. परत येतो तर गाडी रिकामी. अशा सकाळपासून अकरा गाड्या." त्यानं मान वर केली. "कुठं जातायत त्या?"

आई मुलीकडं बघायला लागली.

"माशांच्या तलावाला देत असतील," मुलगी म्हणाली. "खाद्य म्हणून."

"मागच्या दाराच्या आत तलाव आहे होय गं?"

"अब्बा, तुमच्याकडून काम काढलं म्हणून तुम्हाला राग आहे. मला समजतं. पण एवढा मोठा आळ घेऊ नका. तोहमत लावणं किती मोठा गुन्हा आहे, माहीत आहे?"

बापानं ताट सरकवलं. चिडला नाही. हात न धुता तो बसून राहिला.

"काझीण," तो म्हणाला, "मी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, मेलेली नाही ती, पाय हलतोय तिचा. मी म्हटलं, तू धरून हलवतोयस म्हणून हलतोय. तो हसला. तू शिकलेली आहेस. तू येऊन बघ. मी खोटा निघालो तर जन्मभर तुझ्या पडद्यापलीकडं उभा राहीन."

ती गेली ती बापाला खोटं पाडायला.

मागच्या भागात बायकांना जायचं नसायचं. ती पॅकिंगचे हातमोजे घालून, कोणाला न विचारता गेली. दारात पिसंवाली मावशी बसली होती, गरम पाण्याच्या पिंपाशी. म्हातारी, बोटं शिजून पांढरी झालेली. तिनं मुलीला बघितलं आणि नुसतं तोंड फिरवलं.

आत अंधार होता, ओलं होतं, आणि कर्णा चालू होता. जनरेटरवर शीतगृह होतं आणि कर्णा होता. स्वच्छ, घोटीव आवाज, प्रत्येक अक्षर जिथून निघायला पाहिजे तिथूनच निघालेलं. खाली सहा पोरं. पांढऱ्या टोप्या. बापाची ढकलगाडी मधोमध उभी. एक जण गाडीतून कोंबडी उचलत होता, दुसरा तिच्या मानेवर सुरी फिरवत होता आणि पत्र्याच्या नरसाळ्यात उलटी टाकत होता. सगळं रोजच्यासारखं. फक्त नरसाळ्यातून काही गळत नव्हतं. जिथं रक्ताची धार पाहिजे तिथं काळी, घट्ट गाठ येऊन अडकलेली, आणि सुरी धरलेला पोरगा ती बोटानं काढून टाकत होता.

तिला वाटलं, उष्णतेनं रक्त आटलं असेल. खरंच वाटलं तसं तिला. ती पुढं झाली आणि गाडीतली एक कोंबडी हातात घेतली. पाय लाकडासारखा ताठ होता. डोळ्यावर पडदा आलेला. पोटाकडची कातडी हिरवट झालेली. तिनं बोट दाबलं तर कातडी आत गेली ती परत वर आली नाही. आणि तिच्या हातमोज्याला काही तरी लागलं, पातळ, कोमट.

"बहन, इथं कशाला आलात?" पोरगा म्हणाला. ओशाळला होता. मग मुकादम जे बोलायचा तेच तोही बोलला, पाठ केल्यासारखं. "पाय हलत होता तिचा."

तिच्या पोटातून वर आलं. नकाबाच्या दोऱ्या डोक्यामागं घट्ट बांधलेल्या. सहा परके पुरुष समोर. हात वर गेला आणि थांबला, आणि तेवढ्या वेळात सगळं तोंडाबाहेर पडलं, कापडाच्या आत. दुपारचा भात, पित्त. ते हनुवटीवरून गळ्यात उतरलं, कापड नाकातोंडाला चिकटलं, श्वास घेतला की तेच आत यायचं. ती तशीच भिंत धरून बाहेर आली. वर कर्णा वाजत होता.

पिसंवालीनं तिला पिंपाच्या आडोशाला ओढलं, दोऱ्या सोडल्या, ओंजळीनं तोंड धुतलं.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"मी पिसं काढते बाई," मावशी म्हणाली. "ताठलेल्याची पिसं निघत नाहीत पटकन. हाताला आधी कळतं."

संध्याकाळी ती बाजींच्या घरी गेली. भाईजान बाजींसमोरच तिच्याशी बोलले. खोली नीटनेटकी होती, पुस्तकांना धूळ नव्हती. ते रागावले नाहीत. तिला वाटत होतं रागवावं, नाकारावं. म्हणजे तिला भांडता आलं असतं.

"मी झोपलेलो नाही चार दिवस," ते म्हणाले. डोळे खरंच लाल होते. "शहरांना माल वेळेवर गेला नाही तर हे बंद पडेल. बंद पडलं की ही पोरं परत गुत्त्यावर. तू सांग, मोठा गुन्हा कुठला? आणि सगळ्या मेलेल्या नसतात. काहींत धुगधुगी असते. आपण नियत बघायची."

"मी हात लावला, भाईजान. पोट हिरवं होतं."

"तुझा गैरसमज झाला असेल," बाजी म्हणाल्या. त्याच हळू आवाजात. "आणि समज, एखादी चूक झाली. आपल्या माणसाची चूक झाकणं हेही पुण्य आहे, मी शिकवलंय ना? बाहेर लोक टपून बसलेत. एक शब्द बाहेर गेला की ते कोंबडीबद्दल बोलणार नाहीत. ते आपल्याबद्दल बोलतील. तुझ्या नकाबाबद्दल बोलतील. ते हवंय तुला?"

ते तिला नको होतं. उठताना बाजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला अत्तराचा वास होता.

शनिवारी ती कामावर गेली. पाकिटं आली आणि तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या. प्लास्टिकच्या आत मांस जांभळट दिसत होतं. चिठ्ठी ती नेमकी जांभळ्या डागावर लावत होती आणि आपण तसं करतोय हे तिला अर्ध्या दिवसानं कळलं. घरी येऊन तिनं हात धुतले. मग पुन्हा धुतले. तीन वेळा झालं, सात वेळा झालं. आईनं साबण काढून घेतला.

बापानं काहीच विचारलं नाही. तिला तेच लागलं. त्यानं एकदा तरी 'काय दिसलं?' म्हणायला पाहिजे होतं.

"अब्बा," तीच म्हणाली, "मी चिठ्ठ्या लावल्या आज."

"मी गाड्या लावल्या," तो म्हणाला. "सुरी गेली तेव्हा उठून यायला पाहिजे होतं. वाटलं, म्हातारपणी कोण काम देणार." त्यानं फाटलेले हात मांडीवर उलटे ठेवले. "उद्यापासून नाही जाणार. तुझं तू बघ."

रविवारी वर्गाचा मोठा मेळावा होता. आसपासच्या खेड्यांतून दीडशे बायका आल्या होत्या, पोराबाळांसकट. शाळेच्या मैदानावर मांडव. बाजी सकाळपासून बोलत होत्या, विषय 'आजच्या मुलीची ओळख'. मुलीलाही बोलायचं होतं. तिनं अंग दुखतंय सांगितलं. तिला मागं स्वयंपाकाकडं लावलं. तिथं तीन मोठी पातेली चुलीवर होती, आणि पातेल्यांच्या शेजारी रिकामी पाकिटं ढिगानं. हिरवी अक्षरं. चिठ्ठ्यांवर कालची तारीख, तिनंच लावलेली.

पातेल्यांशी तीन बायका होत्या, कामगार पोरांच्या आया. ती त्यांच्यापाशी गेली आणि पहिल्यांदा सगळं बोलली. खड्डा, गाडी, काळ्या गाठी, हिरवं पोट. कमी शब्दांत, अडखळत. पन्नास बायकांपुढं बोलायची तसं नाही. म्हणाली, "हे मुरदार आहे, मेल्यावर कापलेलं. वाढू नका. पोरं खातील."

एकीनं पळी फिरवणं थांबवलं नाही. दुसरी इकडंतिकडं बघून म्हणाली, "हळू बोल."

"तुम्हाला खोटं वाटतंय?"

"खोटं कशाला वाटेल?" तिसरी म्हणाली. ती परीक्षा घेणाऱ्या पोराची आई. "माझाच पोरगा सुरी धरतो. रोज येऊन ओकतो तो. सवय होईल म्हणते मी. दारू पिऊन ओकायचा त्यापेक्षा बरं." तिनं झाकण उचलून बघितलं. "आणि शिजवलंय चांगलं. मसाला जास्त घातलाय. वास राहत नाही."

मांडवातून बाजींचा आवाज येत होता. स्वच्छता, अंगाची आणि मनाची. मग बायका उठायला लागल्या. पोरं ताटल्या वाजवत रांगेत आली.

न्हाणीघराशी फिनेलचा पाच लिटरचा डबा होता. ती गेली आणि तो घेऊन आली. झाकण निघेना, दातानं काढलं. पहिल्या पातेल्यात ओतलं तेव्हा कोणाला कळलंच नाही. लाल तवंगावर पांढरं दूध पसरल्यासारखं झालं, आणि वास उठला. दवाखान्याचा, संडासाचा. दुसऱ्या पातेल्यात निम्मा डबा गेला तेव्हा पोराच्या आईनं तिचा हात धरला. तिसऱ्याकडं ती वळली, तर दोघींनी पातेलं कानांना धरून उचललंच. हिंदकळून एकीच्या पायावर सांडलं, ती किंचाळली. मग सगळ्या आल्या. कोणी तरी तिचा नकाब ओढला, कोणी केस. ज्या मुलींना तिनं वर्गात शिकवलं होतं त्यांच्यातल्या एकीनं तिच्या तोंडात मारली. उपाशी पोरं रडत होती. ती ओरडत होती, "मेलेलं आहे, मेलेलं आहे," आणि ते कोणाला ऐकायचं नव्हतं.

बाजी आल्या तेव्हा गर्दी बाजूला झाली. त्यांनी खाली पडलेला नकाब उचलला, झटकला आणि तिच्या हातात दिला.

"हिची तब्येत बरी नाही," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "हिच्यासाठी दुआ करा."

तिसरं पातेलं वाचलं होतं. मैदानाच्या फाटकातून बाहेर पडताना तिनं मागं बघितलं. बायका ते पुरवून पुरवून वाढत होत्या, आणि दोघींचं तुकड्यावरून भांडण लागलं होतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पातेल्यातलं खाऊन वीसेक जणांना जुलाब लागले. गावात झालं की सुरीवाल्याच्या पोरीनं विष घातलं. फिनेल घातलेली दोन पातेली ओतून दिली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी झालं. मशिदीत बापाच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. आईला नळावर बायका म्हणाल्या, "पोरीचं लग्न करून टाका, डोक्यावरचं उतरेल." पिसंवाली मावशी एकदा आली, दारातच उभी राहिली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. त्या हाताला कसलाच वास नव्हता, नुसत्या उकळत्या पाण्याचा. भाईजानांच्या माळावर डीपी आली, पंखे सुरू झाले, शहरांतून एकही तक्रार आली नाही.

ती घरीच नमाज पढायची. नकाब धुऊन पुन्हा बांधायला लागली होती. आई म्हणाली, "अजून कशाला तो?" ती म्हणाली, "तो त्यांचा नव्हता, माझा होता." आईला ते कळलं नाही, पण तिनं पुन्हा विचारलं नाही.

पंधराएक दिवसांनी दारात गाडी थांबली. बाहेरचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, सोबत कॅमेरावाला. चपला न काढता उंबऱ्यात उभा राहिला. गावात काय झालं ते त्याच्या कानावर गेलं होतं. तो फार मायेनं बोलला.

"ताई, घाबरू नका. तुमच्यासारख्या मुली बोलत नाहीत. तुम्ही बोला. सगळं जग ऐकेल."

इतक्या दिवसांत कोणी तिला बोल म्हणालं नव्हतं. ती म्हणाली, "डीपी जळाली मंगळवारी. पंखे बंद पडले, आणि—"

"ते घेऊच आपण," तो म्हणाला. "आधी एक सांगा. हा चेहरा झाकायची सक्ती घरून झाली की वर्गातून?"

"सक्ती नाही. मी कोंबड्यांचं सांगते आहे. मेलेल्या कोंबड्या कापून—"

"हो हो. पण हा काढून बोललात तर लोकांना तुमचं दुःख दिसेल. एक मिनिटभर. हळूच काढा, मग वर बघा. आम्ही टिपतो." तो कॅमेरावाल्याकडं वळून हळू म्हणाला, "हातांपासून सुरू कर."

कॅमेऱ्याचं काळं भिंग तिच्या बोटांवर आलं. त्या माणसाच्या ओठांच्या कडेला थुंकीचा पांढरा ठिपका जमला होता. आजपर्यंत बघितलेल्या सगळ्या घाणीत तिला तो ठिपका वेगळा काढता येईना.

तिनं दार लावलं. जोरात नाही, कडी बसेल इतकंच. बाहेर तो दोनदा "ताई" म्हणाला, मग मोठ्यानं काही तरी हसून बोलला, मग गाडी निघून गेली.

बाप आतल्या खोलीत भात कालवत बसला होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "कोण होतं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "वासावर आलेले."